समूहगानाला मूव्हमेंट बसवते, आता हेच काम करायचंय. पुढे कसं जाऊ?

घुंगरू_अमळनेर

नमस्कार सगळ्यांना. मी अमळनेरची, वय 24, गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कथक विशारद झालंय, पुढच्या अलंकार परीक्षेची तयारी चालू आहे. संध्याकाळी घरी क्लास घेते, तीस-पस्तीस मुली येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगचे डान्स बसवते. म्हणजे तसं बरं चाललंय, पण माझा प्रश्न वेगळाच आहे आणि इथे आमच्याकडे कोणाला विचारावं तेच कळत नाही म्हणून इथे लिहितेय, थोडं लांब होईल.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या समूहगीताच्या टीमने बोलावलं, युवारंगची (विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची) तयारी चालली होती, म्हणे ताई आमचे सहाही जण खांबासारखे उभे राहतात, जरा काहीतरी हालचाल द्या. मी गेले आणि कथकवाली जे करेल तेच केलं, हस्तक (कथकमधल्या हातांच्या हालचाली) दिले, चाल दिली, शेवटच्या कडव्याला जागेवर गिरकी आणि दोन्ही हात वर. प्रॅक्टिसला इतकं सुंदर दिसायचं! स्टेजवर मात्र गिरकी झाली आणि लगेच तार सप्तकातला सा लावायचा होता तिथे चौघांचा दमच संपला, सूर खाली आला तो आलाच. मुलं मला काही बोलली नाहीत, पण ग्रीनरूममध्ये एक मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती ते अजून डोळ्यासमोर आहे. चूक तिची नव्हती, माझी होती.

त्यानंतर मी महिनाभर नुसती त्यांच्या रिहर्सलला जाऊन बसले, काही न शिकवता. कोण कुठे श्वास घेतं, कोणाचे खांदे उचलतात, कोण शेजारच्याचा सूर ऐकायला मान वाकडी करतं, सगळं बघितलं. मग पुढच्या वर्षी फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर, श्वास आत जाताना हात किंचित उघडणं आणि एका ठिकाणी सगळ्यांनी मिळून एक पाऊल पुढे, बस एवढंच दिलं. आणि ते गाणं जे काही उभं राहिलं ना, मी विंगेत उभी होते, अंगावर काटा आला. तेव्हापासून एका महिला भजनी मंडळाला (22 बायका, सगळ्यात मोठ्या 68 वर्षांच्या) आणि एका शाळेच्या 60 मुलांच्या गायनवृंदाला बसवून दिलं. खरं सांगते, आता मला डान्स बसवण्यापेक्षा हे जास्त आवडतं.

तर विचारायचंय असं की हे काम म्हणून करता येतं का, कोणी करतं का, त्यासाठी काय शिकायला पाहिजे आणि कुठे. आणि पैसे कसे मागायचे, कारण त्या शाळेत दोन महिने रोज गेले आणि पत्रिकेत नाव फक्त संगीत शिक्षकांचं आलं, ठरलेल्यातले निम्मेच पैसे मिळाले, विचारलं तर म्हणे तुम्ही डान्स कुठे बसवला, मुलं तर उभीच होती. घरचे सोबत आहेत, पण सध्या स्थळं बघणं चालू आहे आणि येणारे विचारतात मुलगी काय करते, डान्स टीचर म्हटलं की कळतं, हे सांगायला गेलं की आईच गोंधळते.

पेटीवाले_धुळे

ताई, भलतं भारी काम शे हाई. वीस वर्षं झाली मी शाळा-कॉलेजांची समूहगीतं बसवतोय, आणि तुझं ते 'महिनाभर नुसती जाऊन बसले' वाचलं तेव्हाच कळलं की ही पोरगी बरोबर रस्त्यावर आहे, कारण आमच्याकडे येणारे बाकीचे डान्सवाले मोबाइलवर गाणं ऐकून घरूनच स्टेप्स ठरवून येतात.

तुझ्या गिरकीचं काय झालं ते सांगतो. आपला श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडदा, खालच्या बरगड्यांना चिकटलेला असतो, श्वास आत घेताना तो खाली जातो आणि बरगड्या बाजूला फाकतात, आणि लांब सूर धरायचा म्हणजे त्या बरगड्या पटकन मिटू द्यायच्या नाहीत, हळूहळू हवा सोडायची. आता पोरं गिरकी घेतात, ठोके वाढतात, शरीराला लगेच हवा पाहिजे असते, त्या वेळी तू त्यांना म्हणतेस हवा सांभाळून सोड. शरीर ऐकत नाही. त्यात हात ताठ वर गेले की खांदे वर, मान कडक, हनुवटी वर, मग गळा आवळतो आणि तार सप्तकात तर हमखास चिरकतो. म्हणून मी साधा हिशोब सांगतो, लांब सुरावर शरीर थांबलेलं किंवा अगदी संथ, आणि जी काय धावपळ करायची ती मधल्या म्युझिकवर किंवा जिथे तुटक शब्द आहेत तिथे, तीही संपल्यावर दोन मात्रा तरी मोकळ्या ठेवायच्या श्वासाला.

आणि श्वास हीच खरी कोरिओग्राफी आहे बरं का. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात 2013 साली एक अभ्यास झाला, त्यात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर गाण्याच्या ओळी जशा येतात तसे सगळ्यांचे ठोके एकदम कमीजास्त होत होते, कारण सगळे एकाच ठिकाणी श्वास घेतात. मी हे वाचलं तेव्हा आपली भजनी मंडळं आठवली.

माझा एकच आग्रह आहे, तू स्वतः गायला शीक. नुसतं तालाचं ज्ञान पुरत नाही. कुठल्याही वृंदात मागच्या रांगेत उभी राहा, सहा महिने गा, मग तुझीच स्टेप करत गाऊन बघ, जिथे तुझा सूर हलला तिथे त्यांचाही हलणार. गांधर्व मंडळाच्या गायनाच्या प्रारंभिक-प्रवेशिका परीक्षा दिल्यास तर आणखी चांगलं, संगीत शिक्षकही मग तुला आपल्यातली समजतील.

अजून एक, विद्यापीठांच्या राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या नियमात समूहगीताला जास्तीत जास्त 6 गायक आणि 3 साथीदार असतात. सहा जणांत एक चुकला तरी लगेच दिसतं, साठात लपतं, त्यामुळे सहांचं काम वेगळं आणि साठांचं वेगळं धरून चाल.

तापीकाठची

मी हेच काम करते! म्हणजे पूर्णवेळ नाही, सांगते पुढे. मूळची भुसावळ तालुक्यातली, आता पुण्यात, भरतनाट्यम शिकले, आठ वर्षं झाली गायनवृंदांना मूव्हमेंट देतेय.

आधी हे की असं काम जगात आहे आणि जुनं आहे. अमेरिकेत शाळा-कॉलेजांचे शो क्वायर (क्वायर म्हणजे गायनवृंद) असतात, गाणं आणि नाच एकत्र, तिथे क्वायरचा कोरिओग्राफर हा वेगळा माणूसच असतो, त्याला त्याचं वेगळं मानधन. वर्ल्ड क्वायर गेम्स म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, 2000 साली ऑस्ट्रियातल्या लिंझला सुरू झाली, तिच्यात शो क्वायरचा आणि रंगमंचीय लोकसंगीताचा असे वेगळे विभागच आहेत. पण मला स्वतःला ज्याने वेड लावलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचं इसिकाथामिया. खाणीत आणि कारखान्यात कामाला आलेले पुरुष हॉस्टेलवर राहायचे, तिथे रात्री गायचे, आणि पावलं अगदी हळू, चोरपावलांनी टाकायचे, नावातच तो हळू चालण्याचा अर्थ आहे. लेडीस्मिथ ब्लॅक मॅम्बाझो हा त्यांचा जगभर गाजलेला वृंद, त्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघ एकदा, मग नुसता आवाज ऐक. एकही पाऊल श्वासाच्या आड येत नाही.

शिकायचं म्हणशील तर दोन नावं लिहून ठेव. एक दालक्रोझ, स्वित्झर्लंडचा संगीत शिक्षक, तो म्हणायचा लय आधी अंगात उतरली पाहिजे, चालून, वाकून, मग वाद्यावर, त्याच्या पद्धतीला युरिदमिक्स म्हणतात. दुसरा रुडॉल्फ लाबान, याने 1920 च्या दशकात जर्मनीत चक्क 'हालचालींचे वृंद' उभे केले होते, साध्या माणसांचे, नर्तकांचे नाही. त्याने हालचालीचे आठ प्रकार सांगितलेत, तरंगणं, दाबणं, सरकणं, फटका मारणं, पिळणं असे, आणि परदेशातले बरेच क्वायर कंडक्टर गायकांना सुराचा पोत समजवायला तेच वापरतात. मी भजनी मंडळातल्या काकूंना हे 'कणीक दाबल्यासारखं म्हणा' आणि 'ओला कपडा पिळल्यासारखं म्हणा' असं सांगते, एका मिनिटात आवाज बदलतो.

आणि कथकवाली म्हणून तुझ्याकडे जे आहे ते बाकीच्यांकडे नाही हे लक्षात ठेव. तू पढंत करतेस, म्हणजे तोंडाने बोल आणि हाताने ताल एकाच वेळी. शिवाय कथकमध्ये बसून ठुमरीवर भाव करायची परंपरा आहे, शंभू महाराज त्यासाठीच प्रसिद्ध होते, गाता गाता एका ओळीवर नुसत्या नजरेने आणि मनगटाने अर्थ फिरवायचा. वृंदाला नेमकं तेच लागतं. चाळीस जणांनी फक्त नजर डावीकडून उजवीकडे नेली तर शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला कळतं, आणि चाळीस जणांनी चक्कर घेतली तर त्याला गोंधळ दिसतो.

बसवताना माझा क्रम असा असतो, आधी गाणं पूर्ण पाठ पाहिजे, कागद हातात असेपर्यंत मी शिकवतच नाही, याच्यावर भांडते मी. मग शब्दांच्या कागदावर श्वासाच्या जागा लाल पेनाने. मग शब्द नुसते लयीत बोलत पावलं, मग गुणगुणत, शेवटी गाऊन. घाई केली की सगळं वाया. स्टेज आधी जाऊन बघायचं, पायऱ्यांचे स्टँड असतील तर एका पायरीची खोली दीड फुटाच्या आसपास, तिथे पाऊल टाकायचं नाहीच, कमरेच्या वर काय ते. माइक लटकते असतील तर पावलांचा आवाज त्यात येतो, म्हणून घुंगरू नको आणि लाकडी स्टेजवर टाच आपटणं नको. साड्या असतील तर प्रॅक्टिसही साडीवर.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिल्या वर्षी तीन कामं केली, सगळे मिळून 11,000 मिळाले. आज वर्षाला बारा-पंधरा कामं असतात, तरी माझं घर भरतनाट्यमच्या क्लासवरच चालतं. त्यामुळे तू क्लास बंद करू नकोस, कोणी कितीही भरीला घातलं तरी. आणि आधी कागदावर लिहून घ्यायचं, किती रिहर्सल, किती वेळाच्या, मानधन किती, निम्मं आधी, पत्रिकेत नाव काय येणार, व्हिडिओ टाकायची परवानगी. मी 'मूव्हमेंट दिग्दर्शन' असं छापायला सांगते. 'मुलं तर उभीच होती' हे मलाही ऐकावं लागलंय ग, आणि त्याचा राग येतो कारण ती तशी उभी राहावीत यासाठीच दोन महिने जातात. आता मी पहिल्या दिवशीचा आणि शेवटच्या दिवशीचा असे दोन व्हिडिओ काढते, शेजारी शेजारी दाखवते, मग कोणी असं म्हणत नाही.

अजून एक, वय 24 आहे ना? संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयाला असते, महिना 5000, दोन वर्षं, गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. यंदा जाहिरात आली की थांबू नकोस. आणि डिग्री करायचीच असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बघ, 1987 पासून आहे, नृत्य, संगीत, नाटक तिन्ही एकाच छताखाली, तुझ्या कामाला तेच पाहिजे. बडोद्याचं एमएस विद्यापीठही आहे, तुला अमळनेरहून सुरत लाइनने जायला उलट ते सोपं पडेल.

आल्टो_भुसावळ

मी डान्सर नाही, गाणारी आहे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले, वडील लोको शेडला होते, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. गाणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण ती डान्सवाल्यांच्या लक्षात येत नाही.

तुमच्या समूहगीतात बहुतेक वेळ सगळे एकच चाल गातात. आमच्याकडे सोप्रानो, आल्टो हे बायकांचे आणि टेनर, बास हे पुरुषांचे असे चार वेगळे सूर एका वेळी चालतात आणि माझा सूर मी माझ्या शेजारच्या आल्टोला ऐकून धरते. एका ख्रिसमसला एका ताईंनी फार सुंदर गोल बसवला होता, मेणबत्त्या घेऊन, पण फिरता फिरता माझ्या दोन्ही बाजूंना सोप्रानो आल्या आणि मी तिसऱ्या ओळीला नकळत त्यांचाच सूर गायला लागले, तिकडे एका टेनरचंही तसंच झालं. रचना बदलायची असेल तर चारी गट आपापले एकत्र राहून बदलू देत, म्हणजे आमचा कान सुटत नाही. आणि कंडक्टर कायम दिसला पाहिजे. पाठ फिरवायची असेल तर जिथे आम्ही गात नाही तिथेच.

आणि वयाचं. आमच्यात सत्तरीच्या आंटी आहेत, गुडघे दुखतात पण आवाज शाबूत आहे. त्यांना मागच्या रांगेत लपवू नका हो, त्यांच्याकडून जे होतं त्यावरूनच सगळ्यांची हालचाल ठरवा. तुम्ही 68 वर्षांच्या आजींबरोबर काम केलंय वाचून बरं वाटलं.

मुंबईत परांजोती, स्टॉप गॅप्स असे जुने क्वायर आहेत, त्यांचे कार्यक्रम कधी जमले तर समोर बसून ऐका. आणि शिलाँग चेंबर क्वायर, 2010 साली टीव्हीवरची ती टॅलेंटची स्पर्धा जिंकले तेव्हा आमच्या कॉलनीत सगळे जागे होते. त्यांच्यात उड्या वगैरे नव्हत्या पण सगळे एका शरीरासारखे हलायचे.

सातपुडा_शिक्षक

नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे. वरती परदेशातलं वाचून छान वाटलं, पण ताई तू ज्या मातीत बसलीस तिथे गाणं आणि पाय कधी वेगळे होते का? आमच्याकडे होळीला बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीने नाचतात आणि गाणंही त्याच म्हणतात, एक ओळ या बाजूने, उत्तर त्या बाजूने, रात्रभर. दम का लागत नाही? कारण अर्ध्या गातात तेव्हा अर्ध्या श्वास घेतात, आणि पाऊल लहान असतं, गुडघा मोकळा. काठी गावच्या होळीला ये एकदा, बुध्या (होळीला नवसाने नाचणारे) अंगावर नक्षी काढून, कमरेला भोपळे बांधून नाचतात, ढोल, पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य), सगळं बघ.

तुमच्याकडे आखाजीला (अक्षय तृतीयेला) पोरी झोक्यावर बसून गाणी म्हणतात ना, ती नीट बघ. झोका मागे जातो तेव्हा श्वास, पुढे येतो तेव्हा ओळ. माझ्या बायकोने दाखवलं हे मला, ती शिरपूरकडची. जात्याचंही तेच, दळता दळता ओवी आली म्हणजे दांडा ओढताना जोर कुठे आणि शब्द कुठे हे हातानेच ठरवलं. बहिणाबाईंची गाणी अशीच काम करता करता आली, लिहिता वाचता येत नव्हतं त्यांना, मुलाने उतरवून ठेवली म्हणून 1952 साली पुस्तक निघालं आणि आज आपल्याला मिळाली.

फक्त एक कळकळीने सांगतो. आमच्या पोरांची पावलं स्टेजवर न्यायची असतील तर गावात येऊन विचारून ने, ज्यांच्याकडून शिकलीस त्यांना मानधन दे, पत्रिकेत गावाचं नाव टाक. होळीचं बऱ्याच जणांचं नवस-व्रताचं असतं, पाळणूक असते, ते गॅदरिंगला पिसं लावून दाखवलेलं बघवत नाही.

पेटीवाले_धुळे

सरांचं अगदी बरोबर. आणि अमळनेरची पोरगी म्हणतेय हालचाल आणि गाणं कुठे शिकू! अहो सखाराम महाराजांची दिंडी तुमच्याच गावातून पंढरपूरला जाते. टाळकऱ्यांची पावली बघ, टाळ हातात, अभंग तोंडात, दोन पावलं पुढे एक मागे, आणि साठीतला म्हातारा तासभर सूर सोडत नाही. उडी येते ती नेमकी कुठे येते बघ, ओळ संपल्यावर येते.

घुंगरू_अमळनेर

काल रात्री सगळं दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. तापीकाठची ताई, तुम्ही माझ्याच बाजूच्या निघालात आणि हेच काम करता, हे वाचून खरंच रडू आलं, मला वाटायचं मी एकटीच काहीतरी वेगळं घेऊन बसलेय. शिष्यवृत्तीचं माहीतच नव्हतं, आज गुरूजींना दाखल्याचं विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

आल्टो ताई, तुमचं वाचून त्या शाळेच्या मुलांचं आठवलं, मी त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं, आवाजाप्रमाणे नाही. दुसरा आवाज गाणारी आठ-दहा मुलं होती ती सगळीकडे विखुरली गेली, सर सारखे म्हणायचे दुसरा आवाज ऐकूच येत नाही, आणि मला कळेना का. आत्ता कळलं.

दादा, पावलीचं पण खरंय, आजोबा टाळकरी होते, मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून बघितलीय, पण शिकायची गोष्ट म्हणून कधी बघितलीच नाही. काल मंडळातल्या काकूंना विचारलं तर त्यातल्या चौघींना येते. परवापासून त्या मला शिकवणार, मी त्यांना नाही.

एक अडकलंय. गायला शीक म्हणालात दादा, पण माझा आवाज मोठा नाही, आणि इथे वृंद असा कायमचा नाहीच, स्पर्धेपुरता जमतो आणि नंतर मोडतो. मागच्या रांगेत उभी राहू तर कुठे?

पेटीवाले_धुळे

आवाज मोठा लागत नाही, कान लागतो. आमचा धुळ्यात दर रविवारी सकाळी 8 ला सराव असतो, बत्तीस जण आहोत, स्पर्धा असो नसो, दुसऱ्या आवाजात तीन जागा रिकाम्या आहेत. पहिले दोन महिने स्टेपचं नाव काढायचं नाही, नुसतं गायचं. येताना त्या भजनी मंडळाचे दोन व्हिडिओ घेऊन ये, पहिल्या दिवसाचा नसेल तर आत्ताचा आण, सगळ्यांना बघायचाय.